नेमप्लेटवरची गणितं

चाकणजवळ महाळुंग्याच्या एमआयडीसीत कुठल्याही मोठ्या शेडमध्ये शिरून वर बघितलं, की पिवळ्या गर्डरवर काळ्या अक्षरांत रंगवलेलं दिसतं : ‘एस.डब्ल्यू.एल. ५ टन’. या क्रेनने पाच टनांपेक्षा जास्त उचलायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. खाली मोटरवर पत्र्याची छोटी पट्टी असते, तिच्यावर व्होल्ट, किलोवॅट, अँपिअर, आरपीएम. फोर्कलिफ्टवर वेगळी पट्टी, कॉम्प्रेसरवर वेगळी. घरी यावं तर मिक्सरच्या बुडाशी, गीझरच्या अंगावर आणि जिन्याखालच्या मीटरवर पुन्हा तेच. नववीच्या विज्ञानाचे पहिले तीन धडे, म्हणजे गतीचे नियम, कार्य आणि ऊर्जा, धाराविद्युत, या पट्ट्यांवर छापूनच ठेवलेले आहेत. आणि शेडच्या दोन भिंतींपलीकडे, भाड्याच्या खोलीत, नववीतला एखादा मुलगा ‘घर्षणरहित पृष्ठभागावर ठेवलेल्या २ किग्रॅ वस्तूवर’ या ओळीपाशी अडून बसलेला असतो.

हा लेख त्याच्यासाठी आहे, दहावीतल्या त्याच्या बहिणीसाठी आहे, आणि आयटीआय करून कंपनीत लागलेल्या, आता डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायचं म्हणून पुन्हा पुस्तकं काढलेल्या त्यांच्या दादासाठीही आहे. गणितं कशी सोडवावीत याचे सल्ले भरपूर मिळतात, आणि बहुतेकांचा सूर एकच : सूत्रं पाठ करा, शंभर गणितं सोडवा. माझा त्यावर फारसा विश्वास नाही. सूत्र आठवत नाही म्हणून अडणारी मुलं थोडी. बहुतेकांनी आपण नक्की कोणत्या वस्तूबद्दल बोलतोय हेच ठरवलेलं नसतं. शिवाय आलेलं उत्तर खऱ्या जगात बसतं का, हे तपासायची सवय कोणी लावलेली नसते. स्कूटरचा वेग ताशी ९०० किलोमीटर आला तरी खाली दोन रेघा मारून पुढचं गणित सुरू होतं.

आधी अंदाज

म्हणून पहिली सवय ही लावा : पेनाने सूत्र लिहिण्याआधी उत्तराचा अंदाज समासात लिहायचा. चुकला तरी चालेल, लिहायचाच. वेगाचं गणित असेल तर काही ओळखीचे आकडे डोक्यात हवेत. चालणारा माणूस सेकंदाला दीड मीटरच्या आतबाहेर जातो, सायकल चार-पाच मीटर, हायवेवरची गाडी वीसेक मीटर. ताशी किलोमीटरला ३.६ ने भागलं की मीटर प्रतिसेकंद मिळतात, हे एवढं एकच रूपांतर इतकं हातात बसायला हवं की विचार करावा लागू नये. ताशी ३६ म्हणजे सेकंदाला १०, ताशी ७२ म्हणजे २०. मधले आकडे या दोन खुणांवरून काढता येतात.

आता एक गणित. तळेगाव ते चाकण रस्ता सुमारे २० किलोमीटर धरू. कंपनीची बस पहिले १० किलोमीटर ताशी २० च्या वेगाने जाते. ट्रॅफिकचा अनुभव असलेल्यांना हा आकडा उदार वाटेल. पूर्ण प्रवासाचा सरासरी वेग ताशी ४० व्हायला हवा असेल, तर उरलेले १० किलोमीटर ड्रायव्हरने किती वेगाने न्यावी?

दहापैकी आठ जण ‘६०’ म्हणतील, कारण २० आणि ६० ची सरासरी ४० येते. पण २० किलोमीटर ताशी ४० ने जायचे तर सगळा वेळ मिळून अर्धा तास हवा, आणि पहिल्या १० किलोमीटरलाच अर्धा तास संपलेला आहे. उरलेलं अंतर शून्य सेकंदात कापावं लागेल. बस विमान झाली तरी जमणार नाही. सरासरी वेग म्हणजे एकूण अंतर भागिले एकूण काळ. वेगांची सरासरी नव्हे. ही व्याख्या पाठ असलेला मुलगाही इथे फसतो, कारण त्याने काळाचा हिशेब मांडायच्या आधीच बेरीज केलेली असते.

गतीच्या तीन समीकरणांबद्दल फार लिहीत नाही, पुस्तकात ती नीट दिलेली आहेत. एवढंच सांगतो, की ती त्वरण एकसमान असेल तरच चालतात. सिग्नलला थांबत, गिअर बदलत जाणाऱ्या बसला ती सरळ लावली तर उत्तर चुकतं. शंका आली की वेग आणि काळ यांचा आलेख काढा. आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे कापलेलं अंतर, हे त्वरण कसंही असलं तरी खरं राहतं. ज्यांना समीकरणांचं भय वाटतं त्यांनी महिनाभर फक्त आलेखावरून गणितं सोडवून पाहावीत.

ब्रेक लागेपर्यंत

या औद्योगिक पट्ट्यात भौतिकशास्त्राचं सगळ्यात उपयोगी गणित कुठलं असं विचारलंत, तर मी गाडी थांबायला लागणाऱ्या अंतराचं नाव घेईन. त्याचे दोन तुकडे असतात, आणि पुस्तकातल्या गणितात बहुधा एकच येतो.

गाडी ताशी ६० ने चालली आहे, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. समोर कोणी आडवं आलं. डोळ्यांनी पाहून, मेंदूला कळून, पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो असं धरा. त्या सेकंदात गाडी १६.७ मीटर पुढे जाते, वेग तसूभरही कमी न होता. हा पहिला तुकडा. मग ब्रेक लागतो. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरची गाडी सेकंदाला साधारण ७ मीटर प्रतिसेकंद या दराने वेग कमी करते असं धरलं, तर वेगाचा वर्ग भागिले त्वरणाची दुप्पट, म्हणजे २७९ भागिले १४, सुमारे २० मीटर. एकूण ३७ मीटर. पावसात तेच त्वरण ४ पर्यंत उतरलं तर ब्रेकचा तुकडा ३५ मीटरचा होतो आणि एकूण ५२ मीटर.

आता फक्त वेग बदला. ताशी ८० करा, बाकी सगळं कोरड्या रस्त्याचंच ठेवा. पहिला तुकडा २२ मीटर, दुसरा ३५, एकूण ५७. वेग एक तृतीयांशाने वाढला, ब्रेकचं अंतर मात्र पाऊणपटीने वाढलं. वेगाचा वर्ग सूत्रात बसलेला आहे त्याचा अर्थ हा. एकच गणित एकेक आकडा बदलून तीनदा सोडवलं तर जे कळतं, ते तीन वेगवेगळी गणितं एकेकदा सोडवून कळत नाही.

इथे एक गंमत आहे. या हिशेबात गाडीचं वस्तुमान कुठेच आलं नाही. घर्षण बल वजनाच्या प्रमाणात वाढतं, आणि थांबवायचं वस्तुमानही त्याच प्रमाणात वाढतं, त्यामुळे ते दोन्ही बाजूंनी कटतं. मग मालाने भरलेला ट्रेलर आणि मोटरसायकल एकाच अंतरात थांबायला हवेत की! कागदावर थांबतात. रस्त्यावर थांबत नाहीत, कारण ट्रेलरच्या एअर ब्रेकमध्ये हवा चाकांपर्यंत पोचायला वेळ लागतो, टायर वेगळ्या रबराचे असतात, माल सरकण्याची भीती असते, आणि ब्रेकला जी ऊर्जा गिळायची असते ती प्रचंड असते. गणितात वस्तुमान कटलं म्हणून ते जगातून नाहीसं झालं असं समजू नका. ते ऊर्जेच्या खात्यात जाऊन बसतं.

ते खातंही मांडून पाहू. चाकणचे कंटेनर न्हावा-शेवा बंदराकडे जातात ते बोरघाट उतरून. एकूण ४० टनांचा ट्रेलर सुमारे ५०० मीटर खाली उतरतो असं धरा. स्थितिज ऊर्जा वस्तुमान गुणिले गुरुत्व त्वरण गुणिले उंची : ४०,००० × ९.८ × ५००, म्हणजे १९ कोटी ६० लाख ज्यूल. एक युनिट वीज म्हणजे ३६ लाख ज्यूल, तेव्हा हे झाले ५४ युनिट. ७५ वॅटचा पंखा रोज १२ तास चालवला तर या ५४ युनिटांत तो साठ दिवस फिरेल. ही सगळी ऊर्जा घाट उतरताना कुठेतरी जायला हवी. ती एकट्या ब्रेकच्या ड्रमने उष्णता म्हणून घ्यायची ठरवली तर ड्रम तापतात आणि ब्रेक धरेनासे होतात. म्हणून घाटात खालच्या गिअरमध्ये, इंजिनाला ओढत उतरा, अशी पाटी असते. ड्रायव्हर लोक हे सूत्राशिवाय जाणतात. तुम्हाला ते सूत्रासकट जाणायचं आहे.

गाडी ब्रेकने थांबली नाही तर कशाने थांबते, याचंही गणित आपल्या दाराशीच केलं जातं. एआरएआय ही संस्था १९६६ सालापासून पुण्यात आहे आणि वाहनांच्या चाचण्यांसाठी तिचं एक केंद्र चाकणला आहे. भारत एनसीएपी ही गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणारी पद्धत ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. तिच्या समोरून होणाऱ्या धडकेच्या चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटरने अडथळ्यावर नेऊन आदळतात. ताशी ६४ म्हणजे सेकंदाला १७.८ मीटर. एवढा वेग मिळायला वस्तू किती उंचीवरून पडावी लागेल? वेगाचा वर्ग भागिले १९.६ : सुमारे १६ मीटर. मजला तीन मीटरचा धरला तर पाच मजले.

पुढचा प्रश्न विचारा. गाडीचा पुढचा भाग चेपून प्रवासी ६० सेंटिमीटरमध्ये थांबतो असं धरलं, तर त्वरण येतं सेकंदाला सुमारे २६४ मीटर प्रतिसेकंद, गुरुत्वाच्या सत्तावीसपट. मांडीवर १० किलोचं मूल असेल तर त्याला धरून ठेवायला २,६४० न्यूटन बल लागेल, म्हणजे २७० किलोचं ओझं पेलण्याइतकं, तेही सेकंदाच्या छोट्याशा अंशात. ‘घट्ट धरीन की’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे गणित दाखवावं. आणि हातातून सुटलेलं मूल डॅशबोर्डवर ६० सेंटिमीटरमध्ये नव्हे, पाच-सहा सेंटिमीटरमध्ये थांबेल. तेव्हा बल किती होईल ते तुम्हीच काढा.

पाच टनांची क्रेन

बलांच्या गणितात मुलं सगळ्यात जास्त घोटाळा करतात तो न्यूटनच्या तिसऱ्या नियमात. हँड पॅलेट ढकलणारा हेल्पर पॅलेटवर जेवढं बल लावतो, तेवढंच बल पॅलेट त्याच्यावर उलट लावतं. मग पॅलेट हलतं कसं? शंका रास्त आहे. उत्तर एवढंच, की ती दोन बलं दोन वेगळ्या वस्तूंवर आहेत आणि ती एकमेकांतून वजा करायची नसतात. एका वेळी एकच वस्तू कागदावर काढा. पॅलेट काढा. त्याच्यावर बाहेरून कोण कोण काय लावतं त्याचे बाण दाखवा : हेल्परचा धक्का पुढे, चाकांचा विरोध मागे, वजन खाली, जमिनीचा आधार वर. पॅलेट स्वतः दुसऱ्यावर जे लावतं ते या चित्रात येतच नाही. मग हेल्परचं चित्र वेगळं काढा, त्यात त्याच्या बुटाखालच्या जमिनीचा बाण पुढे दिसेल. जमिनीवर ऑइल सांडलेलं असेल तर हा बाण नाहीसा होतो, आणि पाय घसरतो पण पॅलेट हलत नाही.

५०० किलोचं पॅलेट एकसारख्या वेगाने नेताना चाकांचा विरोध १०० न्यूटन असेल तर धक्काही १०० न्यूटनचाच लागतो. वेग ०.२ मीटर प्रतिसेकंद वर्ग या त्वरणाने वाढवायचा असेल तर त्यात ५०० × ०.२, म्हणजे आणखी १०० न्यूटन मिळवा. दुप्पट बल. सुरुवातीचा धक्का जड आणि नंतरचं ढकलणं हलकं का, याचं हे कारण, आणि कमरेत चमक भरते ती सुरुवातीलाच.

आता वर बघा, त्या गर्डरकडे. पाच टनांचा डाय एकसमान वेगाने वर चालला आहे. दोरावर ताण किती? ‘वर जातोय म्हणजे वजनापेक्षा जास्त’ असं उत्तर हमखास येतं. वेग एकसमान असेल तर निव्वळ बल शून्य, म्हणून ताण वजनाइतकाच, ४९,००० न्यूटन. पण ऑपरेटरने झटक्याने उचललं आणि क्षणभर २ मीटर प्रतिसेकंद वर्ग एवढं त्वरण मिळालं, तर ५,००० × २ म्हणजे १०,००० न्यूटन आणखी. ५९,००० न्यूटन म्हणजे सहा टनांचा माल टांगल्यासारखं झालं. गर्डरवर पाच लिहिलेलं आहे. क्रेनने झटका देऊ नका, असं सेफ्टीवाले ओरडतात ते उगाच नाही.

त्याच क्रेनवर शक्तीचंही गणित आहे. पाच टन मिनिटाला ४ मीटर वर चढतात. सेकंदाला होणारं कार्य : ४९,००० गुणिले ४ भागिले ६०, सुमारे ३,२७० वॅट. मोटरच्या पट्टीवर समजा ५.५ किलोवॅट लिहिलेलं आहे. जास्तीचे दोन-सव्वादोन किलोवॅट कशाला? गिअरबॉक्समधलं घर्षण, हुक आणि ड्रमचं स्वतःचं वजन, सुरू होतानाचा भार, आणि थोडी राखीव ताकद. तुमचं उत्तर पट्टीवरच्या आकड्यापेक्षा कमी पण त्याच्या आसपास आलं, तर गणित बरोबर असल्याची ती चांगली खूण. जास्त आलं तर कुठेतरी चूक आहे, बहुधा मिनिटाचे सेकंद करायचे राहिलेत.

क्रेन मिळत नसेल तर जिना घ्या. एका पायरीची उंची पट्टीने मोजा, पायऱ्या मोजा, मोबाईलचं घड्याळ लावून चढा. ५० किलोची मुलगी तीन मीटर ५ सेकंदांत चढली तर १,४७० ज्यूल भागिले ५, म्हणजे २९४ वॅट, ०.४ अश्वशक्ती. आता तिला दहा मजले याच वेगाने चढायला सांगा आणि काय होतं ते बघा.

युनिटचा हिशेब

महाळुंग्याच्या हद्दीत बजाज ऑटोचा कारखाना आहे, लगत निघोजे-खराबवाडीच्या बाजूला फोक्सवॅगनचा, जिथे २००९ पासून गाड्या बनतात. एवढ्या गाड्या आजूबाजूला असताना ऊर्जेच्या गणितासाठी उतारावरून घरंगळणारा गोळा कशाला शोधायचा?

विजेवर चालणारी एक स्कूटर घ्या. बॅटरी ३ युनिटांची, एका चार्जिंगमध्ये ९० किलोमीटर जाते असं धरा. ३ युनिट म्हणजे १ कोटी ८ लाख ज्यूल. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर. मग ही ऊर्जा ९०,००० मीटरने भागली तर काय मिळेल? १२० न्यूटन. हवा, टायर आणि रस्ता मिळून स्कूटरला मागे खेचतात ते सरासरी बल (मोटरमध्ये वाया जाणारा भाग यातच धरलेला). साधारण १२ किलो वजनाइतकं. मला हे गणित फार आवडतं, कारण बॅटरीच्या पट्टीवरच्या आकड्यातून, काहीही न उघडता, रस्त्यावरचं बल हाती येतं. पुढे जा : ताशी ४०, म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर वेगाला लागणारी शक्ती १२० × ११.१, सुमारे १,३३० वॅट. ४ तासांत चार्ज होत असेल तर चार्जर ७५० वॅट घेतो; २३० व्होल्टला सव्वातीन अँपिअर. साध्या प्लगला चालेल का, हे आता तुम्हीच सांगू शकता.

मग पेट्रोलची स्कूटर घ्या. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३ कोटी ४० लाख ज्यूल असतात, आणि ती लिटरला ५० किलोमीटर जाते. ३ कोटी ४० लाख भागिले ५०,००० : ६८० न्यूटन. रस्ता तोच, हवा तीच, विरोध साधारण १२० न्यूटनचाच. उरलेली ऊर्जा इंजिन आणि सायलेन्सर तापवण्यात गेली. शंभरातले अठरा भागच चाकापर्यंत पोचले.

खोलीतली वीज

विजेच्या गणितांना सुरुवात करण्याआधी एक सक्त सूचना : घरातल्या २३० व्होल्टवर कोणताही प्रयोग करायचा नाही. दीड व्होल्टचे सेल, एक छोटा बल्ब आणि स्वस्तातला मल्टिमीटर एवढ्यात ओहमचा नियम, एकसर आणि समांतर जोडणी, सगळं पाहता येतं. २३० व्होल्टची गणितं कागदावर करायची.

एकसर जोडणीचं सगळ्यात चांगलं उदाहरण मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात लटकलेलं असतं : सिरीज बोर्ड. १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब आणि दुरुस्तीला आलेलं यंत्र एकामागे एक जोडलेलं. यंत्र आतून शॉर्ट असेल तर सगळं विभवांतर बल्बला मिळतं आणि तो पूर्ण पेटतो. फ्यूज उडत नाही, हात वाचतो. यंत्र आतून तुटलेलं असेल तर बल्ब पेटतच नाही. बल्ब मंद पेटला तर यंत्राचा रोध मधे कुठेतरी आहे. हा बोर्ड डोळ्यांसमोर आणून मग पुस्तकातला तो प्रश्न घ्या : १०० वॅट आणि ४० वॅटचे बल्ब एकसर जोडले तर कोणता जास्त उजळ? रोध काढा, विभवांतराचा वर्ग भागिले शक्ती : पहिल्याचा ५२९ ओहम, दुसऱ्याचा १,३२२. धारा दोघांतून एकच. तेव्हा जास्त रोधाचा, ४० वॅटचा बल्ब जास्त उजळतो. (पेटल्यावर तारेचा रोध तापमानाप्रमाणे बदलतो, पण कोण जास्त उजळ हे उत्तर त्याने बदलत नाही.)

दुसरं गणित भाड्याच्या खोल्यांमधलं आहे. अंघोळीच्या पाण्यासाठी १,५०० वॅटचा हीटर रॉड, आणि प्लग लांब म्हणून २० मीटरचं एक्स्टेन्शन, आत १ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार. जाऊन येऊन ४० मीटर तार. तांब्याची रोधकता घेऊन रोध येतो ०.६८ ओहम. धारा १,५०० भागिले २३०, साडेसहा अँपिअर. तारेत दर सेकंदाला उत्पन्न होणारी उष्णता धारेचा वर्ग गुणिले रोध, सुमारे २९ ज्यूल. सरळ पसरलेल्या तारेला हे काहीच नाही. पण बरेच जण उरलेली तार गुंडाळून भेंडोळं करून कोपऱ्यात ठेवतात. मग हेच २९ वॅट मुठीएवढ्या जागेत कोंडले जातात, आणि प्लॅस्टिक मऊ पडतं. तार अर्ध्या चौरस मिलिमीटरची असेल तर आकडा दुप्पट.

तीन फेजच्या मोटरच्या पट्टीला मात्र शाळेतलं ‘विभवांतर गुणिले धारा’ हे सूत्र सरळ लावू नका. पट्टीवर ४१५ व्होल्ट, ३.७ किलोवॅट, ५ एचपी असं असतं; ३.७ किलोवॅटला ७४६ वॅटने भागून जवळपास ५ येतात हे जरूर तपासा, पण धारेचा हिशेब जुळणार नाही. तिथे आणखी दोन-तीन गोष्टी येतात, त्या डिप्लोमात शिकाल. शिवाय पट्टीवरचे किलोवॅट हे शाफ्टवर मिळणारे असतात, मीटरमधून घेतलेले नव्हेत.

वही कशी ठेवावी

एक वही फक्त या गणितांसाठी ठेवा. डाव्या पानावर चित्र, अंदाज आणि एकक. उजव्या पानावर गणित. डिप्लोमाला जाणाऱ्यांनी चित्रात त्वरण, संवेग, रोध यांच्याशेजारी ॲक्सिलरेशन, मोमेंटम, रेझिस्टन्स हे शब्दही लिहायला लागावं, म्हणजे पहिल्या सेमिस्टरला दचकायला होणार नाही. आठवड्यातून एक पट्टी उतरवून घ्या आणि तिच्यावर स्वतःच एक प्रश्न तयार करा. कंपनीत मोबाईलवर फोटो काढायला बहुधा मनाई असते, तेव्हा आकडे हाताने लिहून आणा. गुरुवारच्या सुट्टीला त्यावर तासभर बसलात तरी पुरे. सोडवलेली उदाहरणं वाचून ‘कळलं’ असं वाटतं ते फसवं असतं. उत्तर झाकून, दुसऱ्या दिवशी, कोऱ्या पानावर तेच पुन्हा जमलं तर कळलं.

साधनांसाठी पैसे घालवू नका. बालभारतीची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरमधून १९७५ मध्ये बाहेर पडून पुण्यात टेल्कोत लागले, १९७८ मध्ये रजा घेऊन होशंगाबादच्या ग्रामीण विज्ञान शिक्षणाच्या कामात गेले, आणि पुढे पुण्यातल्या आयुका या संशोधन संस्थेच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात बरीच वर्षं काडेपेटीच्या काड्या, व्हॉल्व्ह ट्यूब आणि जुन्या बाटल्यांपासून खेळणी बनवत राहिले. त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकंही मोफत आहेत. ट्रक बनवणाऱ्या कारखान्यातून निघालेला इंजिनिअर कचऱ्यातून भौतिकशास्त्र कसं काढतो, ते पाहण्यासारखं आहे.

सोडवायला चार गणितं देतो. एक : गच्चीवरची १,००० लिटरची टाकी १२ मीटर उंचीवर आहे, पंप १ अश्वशक्तीचा. काहीही वाया न जाता टाकी किती वेळात भरेल, आणि प्रत्यक्षात याहून जास्त वेळ का लागतो? दोन : ४०० किलोची ट्रॉली थांबलेली आहे. तिला २५० न्यूटन बलाने ४० मीटर ढकललं, घर्षण २०० न्यूटन. शेवटी वेग किती, आणि तो शॉपफ्लोअरवर चालेल का? तीन : ट्रकमध्ये १२ व्होल्ट, १२० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडल्या आहेत. ७० वॅटचे दोन हेडलाइट रात्रभर, १० तास, चालू राहिले. बॅटरीचा किती भाग संपला? चार : चाकणच्या तळेगाव चौकात सिग्नल हिरवा होतो त्याच क्षणी एक बस सेकंदाला १० मीटर या एकसमान वेगाने शेजारून पुढे जाते, आणि थांबलेली मोटरसायकल २ मीटर प्रतिसेकंद वर्ग त्वरणाने निघते. ती बसला कुठे गाठेल?

उत्तरं : पहिल्याचं सुमारे १५८ सेकंद. दुसऱ्याचं सेकंदाला ३.२ मीटर, म्हणजे ताशी साडेअकरा किलोमीटर; ट्रॉलीसमोर कोणी उभं नसलेलं बरं. तिसऱ्याचं ५८ अँपिअर-तास, जवळजवळ निम्मी बॅटरी. एकसर जोडणीत व्होल्ट मिळवायचे, अँपिअर-तास नाहीत, हे विसरलात तर उत्तर पाव भागाएवढं येईल. चौथ्याचं १० सेकंद आणि १०० मीटर. त्या क्षणी मोटरसायकलचा वेग बसच्या बरोबर दुप्पट, ताशी ७२ असतो. आलेख काढलात तर बसचा आयत आणि मोटरसायकलचा त्रिकोण यांचं क्षेत्रफळ तिथेच सारखं झालेलं दिसेल.